'कल्चर' : मशागतीपासून संस्कृतीपर्यंत

१

शब्दकोशात एखाद्या शब्दाचे अनेक अर्थ क्रमांक देऊन एकाखाली एक मांडलेले असतात. या मांडणीमुळे ते अर्थ एकमेकांचे निरुपद्रवी शेजारी आहेत असा समज होतो. प्रत्यक्ष भाषाव्यवहारात, विशेषतः वैचारिक लेखनात, तसे क्वचितच घडते. शब्द उच्चारला जातो एका अर्थाने आणि वाक्याला बळ मिळते दुसऱ्याच अर्थाचे. विल्यम एम्पसन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स' (१९५१) या ग्रंथात 'विट', 'सेन्स', 'फूल', 'डॉग', 'ऑनेस्ट' अशा अगदी नेहमीच्या इंग्रजी शब्दांचा विचार याच अंगाने केला आहे. अनेकार्थी शब्दाच्या पोटात एक विधान दडलेले असते. दोन अर्थ एकाच उच्चारात एकत्र आले की 'हे म्हणजेच ते' असे समीकरण न मांडताच मांडले जाते आणि ते मांडलेले नसल्यामुळे कोणी तपासतही नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पुढे सी. एस. लुइस यांनी 'स्टडीज इन वर्ड्‌स' (१९६०) मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ जुन्या संहितेवर नकळत लादला जातो, आणि तो तेथे बऱ्यापैकी बसत असल्यामुळेच ही चूक लक्षात येत नाही, हा त्यांचा इशारा होता.

या दोन्ही निरीक्षणांची कसोटी पाहण्यासाठी 'कल्चर' या शब्दाइतका योग्य शब्द इंग्रजीत क्वचितच सापडेल. जीवाणूंची प्रयोगशाळेतील वाढ, मोत्यांची कृत्रिम पैदास, नाट्यगृहातील सायंकाळ, एखाद्या जमातीची विवाहपद्धती, कार्यालयातील वागण्याची रीत आणि एखाद्या व्यक्तीच्या अभिरुचीचा दर्जा, हे सारे या एका शब्दाने सांगता येते. त्याचे इतके अर्थ कसे झाले हा व्युत्पत्तीचा प्रश्न आहे. त्यांपैकी कोणता अर्थ कोणी, केव्हा आणि कोणाविरुद्ध वापरला, हा इतिहासाचा प्रश्न आहे. मराठी समीक्षेला या इतिहासाशी देणेघेणे असण्याचे कारण उघड आहे. तिच्या शब्दसंग्रहातील 'संस्कृती' हा शब्द आज ज्या अर्थभाराने वावरतो त्याचा मोठा भाग 'कल्चर'कडून आलेला आहे.

या शब्दाचा इतिहास शोधण्याची प्रेरणा रेमंड विल्यम्स यांना ज्या प्रसंगातून मिळाली, तो त्यांनी स्वतःच नोंदविला आहे. वेल्समधील रेल्वे सिग्नलमनचा हा मुलगा महायुद्धातील लष्करी सेवा संपवून १९४५ मध्ये केंब्रिजला परतला, तेव्हा आपल्या भोवतीचे लोक निराळीच भाषा बोलत आहेत असे त्याला जाणवले. युद्धापूर्वी 'कल्चर' हा शब्द चहागृहातील प्रतिष्ठितांच्या तोंडी सामाजिक श्रेष्ठत्वाची खूण म्हणून ऐकू येई, किंवा मित्रमंडळीत साहित्य, चित्र, संगीत यांसाठी वापरला जाई. आता तो साहित्याच्या अभ्यासात मूल्यांच्या एखाद्या गाभ्यासाठी येत होता आणि सर्वसाधारण चर्चेत एखाद्या समाजाच्या जीवनपद्धतीसाठी. पुढे ससेक्समधील सीफर्ड येथे राहत असताना तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात त्यांनी ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात हा शब्द सहज म्हणून पाहिला. त्या शोधातून 'कल्चर अँड सोसायटी' (१९५८) हा ग्रंथ उभा राहिला. त्याला जोडण्यासाठी तयार केलेली शब्दांची टिपणे जागेअभावी बाजूला राहिली आणि विस्तार पावून 'कीवर्ड्‌स' (१९७६) या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली.

२

'कल्चर'चे मूळ लॅटिनमधील 'कोलेरे' या धातूत आहे. वस्ती करणे, जमीन कसणे, सांभाळणे आणि पूजा करणे असे त्याचे अर्थ होते. पुढे हे अर्थ वेगवेगळ्या शब्दांत विभागले गेले. वस्तीच्या अर्थातून 'कॉलनी' निघाली, पूजेच्या अर्थातून 'कल्ट' निघाला, आणि जमीन कसण्याचा अर्थ मुख्यतः 'कल्चर'च्या वाट्याला आला. नांगर, देवघर आणि वसाहत यांची ही एकाच कुळातील सोयरीक पुढील इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. सिसेरोने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात तत्त्वज्ञानाला मनाची मशागत म्हटले, त्यामुळे रूपकाची वाट लॅटिनमध्येच मोकळी झाली होती.

इंग्रजीत पंधराव्या शतकात हा शब्द आला तो शेतीचा शब्द म्हणून. पिकांची आणि जनावरांची निगा हा त्याचा अर्थ. सोळाव्या शतकापासून तो मनुष्याच्या जडणघडणीकडे वळू लागला. बेकनने १६०५ मध्ये मनाच्या शेतीची कल्पना मांडली, हॉब्जने 'लेव्हायथन'मध्ये (१६५१) मुलांच्या शिक्षणाला त्यांच्या मनाची मशागत म्हटले. या टप्प्यावरील एक व्याकरणिक बाब महत्त्वाची आहे. या सर्व प्रयोगांत शब्दाला षष्ठीची जोड लागते. धान्याची, जमिनीची, मनाची, अशी कशाची तरी ती मशागत असते. तो क्रियावाचक शब्द आहे. मशागत करणारा कोणी असतो, जिची मशागत होते अशी वस्तू असते आणि त्या कामाला काळ लागतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ही षष्ठी गळून पडू लागली. 'अमक्याची मशागत' असे न म्हणता नुसते 'कल्चर' म्हटले जाऊ लागले आणि प्रक्रियेचे नाव एका अवस्थेचे, पुढे एका ठेव्याचे नाव झाले. हा बदल ज्या दशकांत घडला तीच दशके इंग्लंडमध्ये गिरण्यांची, खाणींची आणि खेड्यांतून शहरांकडे लोटलेल्या मनुष्यबळाची होती. जमीन कसण्याचा व्यवसाय समाजजीवनाच्या केंद्रातून बाजूला सरत असताना त्याचे नाव मात्र बौद्धिक जीवनाच्या केंद्राकडे सरकत होते. या योगायोगात कार्यकारण पाहणे हे विल्यम्स यांच्या विवेचनाचे मर्म आहे. यंत्रयुगाने निर्माण केलेल्या समाजाचा न्यायनिवाडा करण्यासाठी त्या समाजाच्या बाहेर उभे असलेले एखादे न्यायासन हवे होते, आणि 'कल्चर' या शब्दाने ते पुरविले.

कोलरिजने चर्च आणि राज्य यांविषयीच्या आपल्या निबंधात (१८३०) 'सिव्हिलायझेशन' आणि 'कल्टिव्हेशन' असा भेद केला. भौतिक प्रगती मनाच्या मशागतीवर आधारलेली नसेल तर ती विघातक ठरते, असे त्याचे म्हणणे होते. ही मशागत राखण्यासाठी त्याने विद्वानांच्या एका राष्ट्रीय वर्गाची कल्पनाही केली. मॅथ्यू आर्नल्डच्या 'कल्चर अँड अनार्की' (१८६९) मध्ये हे न्यायासन पूर्णपणे सिद्ध झालेले दिसते. त्या ग्रंथामागचा प्रसंग विसरता येत नाही. जुलै १८६६ मध्ये मताधिकाराची मागणी करणाऱ्या जमावाला हाइड पार्कमध्ये सभेस मज्जाव झाला आणि उद्यानाचे लोखंडी कठडे कोसळले. पुढील वर्षीच्या कायद्याने शहरी कामगारांच्या एका भागाला मत मिळाले. आर्नल्ड शाळातपासनीस होता, कामगारांच्या मुलांचे शिक्षण त्याने वर्षानुवर्षे जवळून पाहिले होते. त्याची टीका केवळ कामगारांवर नाही. उमरावांना तो 'बार्बेरियन' म्हणतो, व्यापारी मध्यमवर्गाला 'फिलिस्टाइन'. 'कल्चर' कोणत्याही वर्गाची मिरास नाही, ती पूर्णत्वाची आस आहे, ही त्याची भूमिका उदार आहे. तरीही ग्रंथनामातील 'आणि' हा शब्द विरोधाचा आहे. एका बाजूला 'कल्चर' ठेवली की दुसऱ्या बाजूला उरते ती बेबंदशाही, आणि ती पाहण्यासाठी लेखकाची नजर कोसळलेल्या कठड्यांकडे वळते. मूल्याचा शब्द सुव्यवस्थेचा शब्द होतो. एम्पसन ज्याला समीकरण म्हणतात ते येथे स्पष्ट दिसते.

दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, ई. बी. टायलरचे 'प्रिमिटिव्ह कल्चर' प्रसिद्ध झाले. ग्रंथाच्या नावातच आर्नल्डच्या कानाला खटकावा असा संयोग आहे. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो त्या सर्वांचा संकुल, अशी टायलरची व्याख्या आहे. या अर्थाने 'कल्चर' नसलेला माणूस असूच शकत नाही. मात्र आर्नल्ड म्हणजे मूल्य आणि टायलर म्हणजे वर्णन अशी सरळ वाटणी करता येत नाही. जॉर्ज स्टॉकिंग यांनी १९६३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे टायलरची 'कल्चर' एकवचनी आहे. तिच्या पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरच्या पायरीवर युरोप उभा आहे. अनेकवचनाचे श्रेय दुसरीकडे जाते. जर्मनीत हर्डरने मानवेतिहासाच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथात (१७८४–९१) युरोपच्या मानदंडाने इतर लोकसमूहांना मोजण्यास आक्षेप घेतला होता. तो धागा पुढे फ्रान्झ बोआस आणि त्यांच्या शिष्यांनी अमेरिकेतील मानवशास्त्रात रुजविला. अनेकवचनाचा एक प्रत्यय लागताच शब्दाचा राजकीय अर्थ पालटला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

विसाव्या शतकात हे अर्थ एकमेकांना भिडले. क्रोबर आणि क्लकहोन यांनी १९५२ मध्ये या संज्ञेच्या १६४ व्याख्या गोळा केल्या. या संख्येपेक्षा व्याख्यांमधील सरमिसळ अधिक बोलकी आहे. एफ. आर. लीव्हिस यांनी १९३० च्या पुस्तिकेच्या नावातच बहुजनांच्या 'सिव्हिलायझेशन'समोर अल्पसंख्यांची 'कल्चर' उभी केली. टी. एस. एलियट यांनी १९४८ मध्ये संपूर्ण जीवनपद्धती हा अर्थ स्वीकारला आणि इंग्रजांच्या जीवनपद्धतीची उदाहरणे देताना घोड्यांच्या शर्यती, चीज, उकडलेला कोबी, गॉथिक चर्चे आणि एल्गारचे संगीत यांची यादी केली. विल्यम्स यांनी या यादीवर घेतलेला आक्षेप मार्मिक आहे. त्यांच्या मते ती खेळ, खाणे आणि थोडी कला यांची यादी आहे. संपूर्ण जीवनपद्धती म्हणायची तर पोलादाचे कारखाने, कोळशाच्या खाणी, शेती, शेअरबाजार आणि लंडनची वाहतूकही तीत हवी. मोठा अर्थ घोषित करायचा आणि लहान अर्थाने काम चालवायचे, ही या शब्दाची जुनी खोड आहे. 'कल्चर' ही सर्वसामान्य गोष्ट आहे, असे विल्यम्स यांनी १९५८ च्या निबंधात ठामपणे मांडले. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००२ मध्ये बंद झालेल्या समकालीन संस्कृतीच्या अभ्यासकेंद्राला हीच भूमिका पायाभूत ठरली.

या पद्धतीची मर्यादाही याच संदर्भात नोंदविली पाहिजे. क्वेंटिन स्किनर यांनी १९७९ मध्ये 'कीवर्ड्‌स'ची परखड चिकित्सा केली. शब्द असणे आणि संकल्पना असणे यांत त्यांनी भेद केला. मिल्टनपाशी नवनिर्मितीच्या कल्पनेसाठी आजचा 'ओरिजिनॅलिटी' हा शब्द नव्हता, पण आपण पूर्वी न झालेले काही करीत आहोत याची त्याला पुरेपूर जाणीव होती. भाषांतरित संज्ञांचा इतिहास लिहिताना हा इशारा विशेष उपयोगी पडतो. शब्द उशिरा आला म्हणून विचारही उशिरा आला असे ठरत नाही. मात्र नव्या शब्दाने जुना विचार कोणत्या साच्यात ओतला, हे पाहावेच लागते.

३

भारतीय भाषांपुढे 'कल्चर' आला तेव्हा त्याचे हे सर्व अर्थ एकदमच येऊन ठेपले होते. त्यामुळे प्रतिशब्दाची निवड ही अर्थांचीच निवड ठरली. बंकिमचंद्रांनी 'धर्मतत्त्व' (१८८८) मध्ये 'अनुशीलन' हा शब्द घेतला. त्यात सर्व मनोवृत्तींच्या सातत्यपूर्ण अभ्यासावर भर आहे, म्हणजे क्रिया शाबूत आहे. बंगालीत दुसरा शब्द रूढ होऊ पाहत होता, तो 'कृष्टि'. कृष् म्हणजे नांगरणे. लॅटिन मुळाशी त्याचे नाते अगदी जवळचे, पण रवीन्द्रनाथांच्या कानाला तो रुचला नाही. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चतर्जी यांनी नोंदविले आहे की, पॅरिसमध्ये शिकत असताना एका महाराष्ट्रीय मित्राकडून 'कल्चर'साठी मराठीत 'संस्कृती' हा शब्द वापरला जातो असे त्यांना समजले. १९२२ मध्ये परतल्यावर त्यांनी तो रवीन्द्रनाथांना सांगितला आणि त्यांनी त्याला पसंती दिली. बंगालीत या अर्थाने 'संस्कृति' स्थिरावण्यात मराठीचा असा वाटा आहे.

'संस्कृती' हा शब्द नवा घडविलेला नव्हता. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत तो आढळतो आणि ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांना आत्म्याची संस्कृती म्हटले आहे. विसाव्या शतकात नवे होते ते त्याच्यावर सोपविलेले काम. 'कल्चर'च्या मुळाशी माती आहे, 'संस्कृती'च्या मुळाशी संस्कार. शुद्ध करणे, सजविणे, सिद्ध करणे हे 'सम्' आणि 'कृ' यांच्या संयोगातले अर्थ आहेत. नांगरटीशी त्यांचा संबंध नाही. मराठीपाशी दुसरा एक शब्द होता, तो 'मशागत'. श्रम आणि कष्ट या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेला आणि शेतात रुजलेला. 'बुद्धीची मशागत' असा प्रयोग आजही सहज होतो, आणि तो सिसेरोच्या रूपकाशी तंतोतंत जुळतो. पण 'मराठी मशागत' किंवा 'मशागत मंडळ' असे कोणी म्हटले नाही. शेतकऱ्याचा शब्द शेतातच राहिला आणि विद्वानांचा शब्द व्यासपीठावर गेला. ही निवड अटळ होती असेही म्हणता येईल. षष्ठी गळून पडल्यानंतरचा अमूर्त 'कल्चर' पेलणे 'मशागती'ला कठीणच होते. तथापि निवडीचा परिणाम निवडीच्या कारणांवर अवलंबून नसतो.

पहिला परिणाम 'सिव्हिलायझेशन'च्या बाबतीत दिसतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात त्यासाठी 'सुधारणा' हा शब्द चाले. पुढे तो प्रामुख्याने सामाजिक चळवळीकडे गेला आणि 'सिव्हिलायझेशन'चे कामही बरेचसे 'संस्कृती'कडे आले. हिंदीत जी 'सिंधु घाटी सभ्यता' आहे ती मराठीत 'सिंधू संस्कृती' आहे. म्हणजे कोलरिजपासून लीव्हिसपर्यंत इंग्रजी वादाचा कणा असलेला भेद मराठीच्या रूढ वापरात पुसट झाला. लीव्हिस यांच्या पुस्तिकेचे नाव मराठीत आणू पाहणाऱ्याला ही अडचण पहिल्याच शब्दाला जाणवेल. दुसरीकडे पुरातत्त्वज्ञ संगमनेरजवळील जोर्वे या स्थळावरून 'जोर्वे संस्कृती' असे म्हणतात, तेव्हा तांबड्या भांड्यांवरील काळी नक्षी आणि ती भांडी वापरणाऱ्यांची राहणी एवढाच अर्थ असतो. त्यात गौरव नाही की उणेपणा नाही.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. साने गुरुजींचे 'भारतीय संस्कृती' (१९३७) आणि इरावती कर्वे यांचे 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१) या दोन ग्रंथांच्या नावांत एकच शब्द आहे. पहिल्या ग्रंथात संस्कृती हे ध्येय आहे. त्याच्या उजेडात वर्तमानाला नम्र व्हायचे आणि सुधारायचे आहे. दुसऱ्या ग्रंथात संस्कृती हे अभ्यासद्रव्य आहे. माणसे कशी राहतात, नाती कशी जोडतात, देव कसे मानतात याची ती पाहणी आहे. दोन्ही प्रयोग आपापल्या जागी समर्थ आहेत. अडचण निर्माण होते ती लेखक एकातून दुसऱ्यात नकळत सरकतो तेव्हा. एका समूहाच्या राहणीचे वर्णन करता करता तीच संस्कृती, म्हणजे संस्कारित स्थिती, असे ठरते. मग इतरांची राहणी आपोआप असंस्कृत होते. इंग्रजीतही ही घसरण आहे, हे आर्नल्डच्या उदाहरणावरून दिसलेच. पण मराठीत उतार अधिक तीव्र आहे, कारण 'संस्कार' हा शब्द येथे निव्वळ रूपक नाही. तो विधींचे नाव आहे आणि त्या विधींच्या अधिकाराचा या समाजात मोठा इतिहास आहे. कोल्हापुरात १८९९ मध्ये सुरू झालेले वेदोक्त प्रकरण हे कोणाचे संस्कार कोणत्या मंत्रांनी व्हावेत याचेच होते, आणि त्यात एक छत्रपतीही अपात्र ठरविला जात होता. त्याच सुमाराच्या महाराष्ट्रात जो शब्द 'कल्चर'चे ओझे उचलण्यास सिद्ध होत होता, त्याच्या धातूत हा अधिकारभेद मुरलेला होता.

दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चर्चांमध्ये 'संस्कृती'विषयी जो ताण वारंवार दिसतो त्याचा उगम येथे शोधता येतो. या लेखकांनी शब्दाचा त्याग केला नाही, त्यावर हक्क सांगितला. १९९९ मध्ये धारावीत बाबूराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या विद्रोही साहित्य संमेलनामागील चळवळीने आपल्या नावात 'सांस्कृतिक' हे विशेषण ठेवले. संस्कारित असण्याचा दाखला ज्यांना नाकारला गेला त्यांनी त्या शब्दाचा टायलरी अर्थ, म्हणजे कोणीही संस्कृतीविना नसतो हा अर्थ, आर्नल्डच्या अर्थासमोर उभा केला. त्यांना केवळ वर्णन अभिप्रेत नव्हते. समता हेही एक मूल्य आहे आणि त्याच्या आधारे प्रस्थापित संस्कृतीचा न्याय करता येतो, हा त्यांचा दावा होता. म्हणजे न्यायासनाचा अर्थही त्यांनी सोडलेला नाही. त्या आसनावर कोण बसणार, हा प्रश्न त्यांनी खुला केला.

४

यातून शब्द टाकून देण्याचा सल्ला निघत नाही. विल्यम्स यांनाही या शब्दाचा कधी कधी उबग आला, तरी तो त्यांना सोडता आला नाही. वर्णन आणि मूल्य यांचे नाते हा खरा प्रश्न आहे आणि हा शब्द तो प्रश्न जिवंत ठेवतो. एक अर्थ शुद्ध म्हणून निवडला तर वाद मिटल्यासारखा दिसेल, प्रश्न मात्र तसाच राहील. समीक्षेकडून अपेक्षा आहे ती प्रत्येक प्रयोगाची तपासणी करण्याची. त्यासाठी दोन साध्या कसोट्या पुरेशा आहेत. विधानातील 'संस्कृती' अनेकवचनी केली तर ते विधान टिकते का? आणि ती एखाद्यापाशी 'नाही' असे त्या अर्थाने म्हणता येते का? 'ही कादंबरी खाणकामगारांच्या संस्कृतीचे दर्शन घडविते' हे वाक्य पहिल्या कसोटीला उतरते, दुसरीला उतरत नाही. 'या कादंबरीत संस्कृतीचा ऱ्हास दिसतो' या वाक्याचे याच्या नेमके उलट आहे. ऱ्हास कोणत्या मापाने मोजला आणि ते माप कोणाच्या घरचे, हे सांगण्याची जबाबदारी अशा वाक्याच्या लेखकावर येते.

इंग्रजी शब्दाच्या इतिहासात गळून पडलेली षष्ठी मराठीत परत आणणेही अशक्य नाही. संस्कृती कोणाची, हा प्रश्न आता पुष्कळदा विचारला जातो. त्याच्या जोडीला मशागत कोणी केली आणि पीक कोणाच्या घरी गेले, हेही विचारावे लागेल. शेतीतून निघालेल्या शब्दाला हे प्रश्न परके नाहीत.